आठ वार कापडाच्या चुण्या

आई, तुला हसू येईल, पण तुझ्या नातीचा होणारा नवरा लग्नात घागरा घालणार आहे. घागरा म्हटलेलं तिला खपत नाही. तो किल्ट, स्कॉटलंडच्या पुरुषांचा मानाचा पोशाख. विहीणबाईंनी त्यासाठी चौकड्यांचं लोकरी कापड दुबईला पाठवलं, आठ वार. जावयाच्या वडिलांनी ते मुलाच्या लग्नासाठी घेऊन ठेवलं होतं. लग्न पाहायला ते राहिले नाहीत. तसलं कापड आता कुठे मिळत नाही. पण मी पडले तुझी लेक. गिऱ्हाइकाच्या, एका नवरीच्या शालूच्या ब्लाऊजवर तू मला पहिल्यांदा कात्री लावायला दिलीस आणि म्हणालीस, "तू काप. तुझी नजर सरळ आहे." त्या एका वाक्याच्या जोरावर मी इथे बर दुबई भागात शिवणाचं दुकान थाटलं. ऐटीत म्हणाले, नऊवारीपेक्षा एक वार कमीच, त्यात काय मोठंसं!

आणि तिथेच फसले. निऱ्या घालाव्यात तशा बोटांच्या मापाने चुण्या घातल्या, टाचून पुतळ्यावर चढवल्या आणि मागे जाऊन पाहिलं. चुण्या सारख्या, पण मागून चौकडीचा पत्ता नाही. तांबडी रेघ कुठे दिसतेय, कुठे बुडतेय. मला माझा इरकली परकर आठवला. मी हौसेने शिवलेला, तू सगळा उसवलास. "लोक टाका बघत नाहीत गं, चौकडी बघतात." तेव्हा मी तुझ्याशी बोलणं टाकलं होतं. आता मुकाट्याने सगळे टाके उसवले. प्रत्येक घडीत चौकडीचा एक अख्खा फेरा आत घ्यायचा, म्हणजे रेघ पुढच्या चुणीवर नेमकी जुळते, हे कळलं. पण कापड पुरेल ना, या धास्तीने जेवण गेलं नाही. पुरलं, जेमतेम.

मग सगळ्यात वाईट काम आलं. कमरेशी चुण्यांचा जाड थर होतो, म्हणून आतलं कापड कापून टाकायचं. चुकून बाहेरच्या चुणीला कात्री लागली, तर विहीणबाईंसमोर नाक कापलं जाणार, आणि पोराला बापाची वस्तू परत कुठून आणून द्यायची? लेक ऑफिसातून थेट दुकानात आली.

"मम्मा, यल्ला, चल लवकर! ट्रायल इज टुमॉरो."

"थांब गं. तुझ्या सासऱ्यांचं कापड आहे ते."

मी कात्री उचलते, ठेवते, पुन्हा उचलते. टोक थरथरतंय. तोंडातून निघून गेलं, "तू काप. तुझी नजर सरळ आहे."

"मी? आर यू शुअर?"

तिने श्वास रोखून कापलं, चुणीमागून चुणी, अगदी नीट. मी हात ओढणीखाली धरून उभी होते. आणि मला एकदम तू दिसलीस. शालूच्या दिवशी तुझाही हात पदराखाली होता; मला वाटलं, घाम पुसतेयस.

लेक भलतीच खूश आहे. आज मम्माने मला कात्री दिली, असं फोनवर नवऱ्या मुलाला सांगत होती. का दिली, ते मी तिला सांगितलेलं नाही. तूही नव्हतं सांगितलंस.