माहेरच्या नावाने

५ डिसें.
जळगावच्या डॉक्टरांनी सासूबाईंना, आमच्या अक्कांना, घरी न्यायला सांगितलं. लिव्हर. आता औषध फक्त दुखण्यापुरतं. हे म्हणाले, "मायला कळू द्यायचं नाही." भडगाव येईपर्यंत गाडीत नुसती कुजबुज. दारात उतरता उतरता अक्कांनीच विषय काढला. "मरनं शे ना माले? मंग चोरीचोरी काय बोलतस?" ह्यांचा चेहरा बघण्यासारखा.

७ डिसें.
गल्लीत कोणी बाई वारली की पहिलं बोलावणं अक्कांना. आंघोळ, वेणी, साडी, सगळं त्यांच्या हातचं. आणि न्हाऊ घालताना तिच्याशी बोलतात, तेही माहेरच्या नावाने. लग्नात बदललेलं नाव घेत नाहीत. म्हणून म्हाताऱ्यांना आधीच विचारून ठेवतात, भाजी निवडता निवडता. "तुनं माहेरनं नाव काय वं?" कोणी रागावत नाही. नवी नवरी होते तेव्हा अंगावर काटा यायचा. आता छाती फुगते.
आज मला म्हणाल्या, "माले तू न्हाऊ घालशी." मी भांडी आवरायला पळाले.

१० डिसें.
समोरच्या वत्सलाकाकू पहाटे गेल्या. अक्कांना उठवेना. "तू जाय." गेले. केलं सगळं. "वत्सलाकाकू, पाय धुते हं," असं बोललेसुद्धा. घरी येऊन सांगितलं तर अक्का भडकल्या.
"वत्सला? ते नाव आयकीसन ती भांडा घासाले उठी! दुर्गी शे तिनं नाव. जाय परत."
तिरडी बांधून झाली होती. सगळ्यांदेखत वाकले, कानात म्हटलं, "दुर्गी, नीट जा." काकूंची लेक माझ्या गळ्यात पडली. तिला ते नाव माहीतच नव्हतं.
अक्का म्हणाल्या, "आते जमनं." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ. दिवसभर ताठ मानेने फिरले.

१३ डिसें.
डोक्यात आलं, अक्कांचं माहेरचं नाव मला कुठे माहीत आहे? ह्यांनाही नाही. पन्नाशी उलटली आणि आईचं नाव ठाऊक नाही! रेशनकार्डावर सुमनबाई. माहेरी आता कोणी उरलेलं नाही. विचारलं, तर म्हणे, "पयले हा म्हन, मंग सांगसू."
हा म्हणजे तेच. मी न्हाऊ घालीन, असं तोंडाने म्हणायचं. जीभ रेटेना.
हे दारात उभे. "असं अभद्र कसाले बोलस माय?"
"तुले न्हाऊ घालं, तवय अभद्र नही व्हतं?"
 

१४ डिसें.
आज अक्कांनी दोनच घास खाल्ले. नाव कळायचं तसंच राहिलं तर…

१६ डिसें.
म्हटलं. "हो अक्का, मीच घालीन." रडत म्हटलं, पण म्हटलं. ह्यांनी डोळे पुसले आणि स्वतःच विचारलं, "माय, नाव काय शे तुनं?"
"गोजर."
चहा घेऊन गेले. सासूला एकेरी हाक!  मग एकदाचं म्हटलं, "गोजर, चहा."
"ओ!" परकरी पोरीसारखी ओ दिली तिनं. हसली, मग खोकला. "परत एक डाव म्हन."
परत म्हटलं. अभिमान वाटतो बाई हिचा, आणि हिने मला निवडलं याचाही.
आता उठून बसवत नाही. उद्या सकाळी याच नावाने उठवायचं, असं तिनं कबूल करून घेतलंय.