उतरता खांदा

शुक्रवार, ७ एप्रिल

डोकं फिरलंय आज. लग्नाचा सूट शिवायचाय अन् मापाला नवरदेवच न्हाई! दुष्काळानं निम्मं तेलगाव ऊसतोडीला गेलंय. नवरदेव, सखूमावशीचा दत्ताही, लांबच्या सहकारी कारखान्याच्या फडात हाय, येणार थेट हळदीला. मापासाठी मावशीनं त्याचा दिवाळीचा सदरा माझ्या मशीनवर आणून टाकला.

म्हटलं, "मावशी, सूट अंगावर शिवत्यात, सदऱ्यावरून न्हाई. कच्चा शिवून दोनदा तरी घालून बघावा लागतो."

"अंग तेच हाय की! मीच न्हाऊ घातलंय त्याला."

कोयता चालवून, मोळ्या वाहून या पोरांचा उजवा खांदा उतरतो. गेल्या साली असाच एक कोट सदऱ्यावरून शिवला. भर मांडवात तो एका बाजूला लोंबत होता, अन् नावं ठेवली लोकांनी मला!

मावशीला खांद्याचं सांगायला तोंड उघडलं अन् मिटलं. ती सदऱ्याची घडी नीट करत होती.

ती गेल्यावर कापडावर खडूनं उजवा खांदा खाली आखला. पुसला. परत खालीच आखला, अन् कापलाही.

देवा, एकदा माझं माप चुकू दे. मावशीच्या शिव्या खाईन, पण पोरगं सरळ खांद्यानं येऊ दे.