बोट खाली

प्रिय ताई,

‘लांब बसून हुकूम सोडायला काय जातं तुझं’ असं म्हणून तू फोन आपटलास, त्याला नऊ दिवस झाले. ‘सही कर, नाहीतर येऊन उशाशी बस’ हे काय बोलणं झालं? पण मीही काही कमी बोललो नाही. बापाचा कंटाळा आला का, असं विचारलं तुला. पाच महिने त्यांची कूस बदलणारी तू, आणि विचारणारा मी.

इथं काम बरं चाललंय. इमारत अकराव्या मजल्यावर आलीय. क्रेनवाला वर काचेच्या खोक्यात, मी खाली, सगळा कारभार हाताच्या खुणांवर. तो म्हणतो, तुझ्या हातांना जेवढी अक्कल आहे तेवढी तोंडाला असती तर बरं झालं असतं. हे हात बाबांचे आहेत, हे त्याला काय माहीत. शाळेत मी टिकलो नाही, पायाला भिंगरी, म्हणून बाबांनी नावच भिंगरी पाडलं आणि आपल्याच कामावर नेऊन उभं केलं. पहिल्याच दिवशी सांगितलं, भार उचलायची खूण एकानंच करायची. पण ‘थांब’ कुणीही म्हणावं, झाडूवाल्यानंसुद्धा, आणि क्रेनवाल्यानं थांबायचं.

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं मला तेव्हाही कळलं होतं. श्वासाच्या यंत्रावरून बाबा आता सुटत नाहीत. शुद्ध आहे, एक हात हलतो, बाकी सगळं गेलं. झोपेचं औषध देऊन, त्रास होऊ न देता यंत्र बंद करता येईल. मात्र बाबांची इच्छा कळायला हवी आणि आपल्या दोघांच्या सह्या हव्यात. मी म्हणालो, हे मारणंच झालं. पण भार सावकाश खाली घेणं वेगळं आणि दोर कापणं वेगळं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. तरी तू पाठवलेला कागद रोज उघडत होतो आणि घडी घालून परत ठेवत होतो. यात शहाणपण किती आणि भित्रेपणा किती, मलाच कळत नाही.

चौथीनंतर एवढं कधी लिहिलं नाही, पण हे फोनवर तोंडातून निघेना. आपल्या भांडणाच्या आधी एकदा बाबा बोट गोल गोल फिरवत होते. तुला वाटलं, भिंगरीला बोलावतायत. तू धावत व्हिडिओ कॉल लावून त्यांचा हात मला दाखवलास. मी म्हणालो, हो ताई, मलाच बोलावतायत, मी येईपर्यंत यंत्राला हात लावू नका. मग सुट्टी मिळत नाही म्हणत राहिलो. सुट्टी मी मागितलीच नव्हती. ताई, बोट खाली होतं. खाली रोखलेलं बोट, मनगटातून सावकाश गोल. आमच्या कामात त्याचा अर्थ एकच, भार खाली घ्या. ती खूण वाचणारा घरात मी एकटा, आणि मीच खोटं बोललो.

सही केलेला कागद सोबत आहे, उद्या तिकडे निघणाऱ्या आमच्या कामावरच्या सुताराच्या हाती देतोय. डॉक्टरीणबाईंना समोर उभं करून बाबांना पुन्हा विचार. बोट वर असेल, म्हणजे भार उचला, तर कागद फाड. मला खोटं ठरायला आवडेल. खाली असेल तर शुक्रवारपर्यंत थांब, मी निघतोय. पण त्यांना फार जड होत असेल, तर माझ्यासाठी अडवून ठेवू नकोस. दाढी न करता ते कधी कामावर गेले नाहीत, तेवढा न्हावी बोलाव. तिकीट काढून उरलेले चार हजार दोनशे पाठवतोय.

तुझाच,
भिंगरी