माझ्या नावाची सव्वा मूठ

आई,
पाया पडते. मी मजेत आहे. इथे कळण्याची भाकरी मिळत नाही, एवढंच. आबांचा गुडघा कसा आहे?

कलासंस्थांचे उत्सव-महोत्सव कसे उभे करायचे, ते आम्हाला शिकवतात. परवा प्रत्येकाने गावच्या उत्सवाचं नियोजन मांडलं. मी आपल्या कानबाईचा उत्सव मांडला, नैवेद्याच्या रोटांसाठी गहू घेण्यापासून देवीच्या विसर्जनापर्यंत. मॅडम खूश! कॉलेजचा महोत्सवच माझ्यावर सोपवलाय. काळजी करू नकोस, जमेल.

फक्त, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "आणि तुझ्या?"

श्रावणात येतेय. यंदा माझ्या नावाची सव्वा मूठ घे. आबा कुरकुरले, तर तुझ्याही नावाची घे.

तुझी,
सारिका