पहिल्या पडद्याचा मान

९ फेब्रुवारी
नातीचा, अनुपमाचा, मुंबईहून फोन. तिनं लिहिलेलं नाटक आपल्या गावात होणार — कापड्यात, मारुतीच्या देवळापुढे! महाडच्या पोरांनी नव्या लेखकांच्या नाटकांचा महोत्सव भरवलाय. एक नाटक महाडला, एक दासगावला, एक इथं. लिहिणारे सगळे पहिलटकर. त्यातलं एक पुढं पुण्याला जाणार, ते निवडायला दोन पाहुणे येणार.
"आबा, भीती वाटतेय," म्हणाली. मी तिला चौथीच्या पुस्तकातली होडीची कविता म्हणून दाखवली. तिनं सगळी ऐकून घेतली. मग म्हणाली, रेंज जातेय.

१० फेब्रुवारी
पडद्याची दोरी काढून उन्हात घातली. गावच्या नाटकाचा पहिला पडदा आमच्या घरानं ओढायचा, नारळ गोमाजीच्या घरानं फोडायचा, हे वडलांच्या आधीपासून चालत आलंय. गोमाजीचं म्हणणं, दोन्ही मान मुळात त्यांचेच. त्यावरून आमचं बोलणं बंद आहे. म्हणजे तो बोलतो, मी उत्तर देत नाही.
नातीच्या नाटकाचा पडदा आजोबा ओढणार. वडील असायला हवे होते.

१४ फेब्रुवारी
अनुपमा आली. सोबत पोलादपूरची रूपाली. अख्ख्या नाटकात काम करणारी तीच एकटी. जेवताना सांगितलं, पडद्याला नव्या कड्या लावून घेतल्यात.
"आबा, आपल्या नाटकाला पडदा नाहीये."
म्हटलं, आहे की. चांगला मोठा आहे.
मग तिनं समजावलं. लोक येतील तेव्हा रूपाली आधीच स्टेजवर बसलेली असणार, पुढ्यात सूप, तांदूळ निवडत. लोक बसणार, गप्पा मारणार, पोरं रडणार, आणि नाटक केव्हाच सुरू झालेलं असणार. मुलंबाळं मुंबईला गेलेल्या, घरात एकट्या राहिलेल्या बाईचं नाटक आहे. "तिच्याकडे कोणाचं लक्षच नसतं ना, आबा. पडदा उघडला की लोक बघायला लागतात. मला ते नकोय."
आमची बायको रंगूबाई भात वाढत होती. म्हणाली, "बरोबर बोलत्येय पोरगी."
मी ताक मागितलं.

१५ फेब्रुवारी
देवळात बैठक. गोमाजीच्या कानावर गेलंच होतं. "नारळ काय, फोडायलाच लागतो. पडदा मात्र गेला बाबा." सगळे हसले. मग एकदम त्याला नारळाची धास्ती वाटली असावी. गंभीर होऊन म्हणाला, "मानाचा पडदा ओढल्याबिगर मारुतीपुढं नाटक होत नाय. आज पडदा गेला, उद्या नारळ जाईल."
या माणसानं माझी बाजू घ्यावी!
सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी मान मागितला की गाव माझ्या बाजूनं, हे उघड आहे. मग अनुपमानं एकतर पडदा लावायचा, नाहीतर दुसरं गाव शोधायचं. ती खांबाला टेकून उभी होती.
म्हटलं, उद्या सांगतो.

१६ फेब्रुवारी
सांगितलं. या एका नाटकापुरता मान सोडला.
गोमाजी म्हणाला, "आणि परत मागू नको." उत्तर दिलं नाही.
पडवीत बसून दुसरीतली एक कविता म्हणायला घेतली. पहिली ओळ आली, पुढचं सगळं पुसलेलं.

१८ फेब्रुवारी
माजघरात तालीम. रंगूबाई उंबऱ्यात बसून बघते. मी वालाच्या शेंगा तोडून आणल्या.

२१ फेब्रुवारी
काल नाटक झालं. क्रमानं लिहितो.
गोमाजीनं नारळ फोडला. एका फटक्यात फुटला, तसं त्यानं माझ्याकडं बघितलं. पडदा बाजूला बांधून ठेवलेला. मला काम नव्हतं, म्हणून पुरुषांच्या बाजूला, पाहुण्यांशेजारी खुर्ची दिली. रूपाली स्टेजवर बसलेली. अंगावर लुगडं, समोर सूप आणि तांदळाची ही रास. लोक येत होते, सतरंजीवर टेकत होते. बराच वेळ तसाच गेला.
मग बायकांतून उज्ज्वला उठली. ही गोमाजीची सून. "एकटीच काय निवडत बसल्येस गो? केवढे ते तांदूळ!" आणि चढली वर. तिच्यामागं आणखी दोघी. आपल्याकडं कार्य असलं की तांदूळ निवडायला कोणाला बोलवावं लागत नाही. सूप दिसलं की बाया बसतात. त्यांना वाटलं, नाटकानंतर जेवण आहे. शेवटी आमची रंगूबाई चढली. तिनं तालीम बघितलेली, तिला सगळं ठाऊक. तरी गेली.
रूपालीनं पहिलं वाक्य म्हटलं. दुसरं काय करणार? "या घरात आता कोण येत नाय."
"मग आमी कोण गो?" उज्ज्वला म्हणाली.
गाव हसलं. अनुपमा विंगेतून धावत माझ्यापाशी आली. चेहरा पांढराफटक. "आबा, पडदा ओढा. त्यांना उतरवू, पुन्हा पहिल्यापासून करू. आबा, प्लीज."
गेलो. दोरी सोडवून हातात घेतली. विंगेतून नेहमीसारख्या नुसत्या पाठी दिसत होत्या. रूपाली म्हणत होती, "दिवसभर बोलायला माणूस नाय." रंगूबाईचा आवाज आला, "माझ्याकडं हाय एक. पण तो पुस्तकातलंच बोलतो." पुन्हा हशा. त्यावर ती हळू आवाजात आणखी काहीतरी बोलली. या वेळी कोणी हसलं नाही. पोरंसुद्धा गप्प झाली. मला काही ऐकू आलं नाही. तिचं तोंड पलीकडं होतं.
दोरी सोडली आणि पुढं येऊन बसलो. अनुपमा मागून हाका मारत होती.
पुढं तासभर चाललं. रूपाली आपली वाक्यं म्हणत होती, बाया उत्तरं देत होत्या. रंगूबाई मनातलं बोलताना कोणाकडं बघत नाही, हातातल्या तांदळाकडं बघते. हे मला माहीत नव्हतं.
शेवटी पाहुणे म्हणाले, "या बायकांकडून भरपूर तालमी करून घेतलेल्या दिसतात."
अनुपमा म्हणाली, "हो."

२२ फेब्रुवारी
रंगूबाईला विचारलं, तेव्हा हळू काय बोललीस?
"समोर बसला असता, तर कळलं असतं."

२७ फेब्रुवारी
अनुपमाचा फोन. नाटक पुण्यासाठी निवडलं, पण पाहुण्यांना बाया हव्यात. रंगूबाई म्हणाली, "एकदा बोलले ते बोलले. तेच तेच काय सांगायचं लोकांना?" अनुपमा म्हणते, मग स्टेजवर जास्तीची सुपं ठेवू, पुण्याच्या बायका चढतात का बघू.

३ एप्रिल
हनुमान जयंतीच्या नाटकाची बैठक. नाटक मुंबईला गेलेल्या गावकऱ्यांच्या मंडळाचं, पडदा असलेलं. म्हटलं, दोरी गोमाजीच्या हातात द्या.
गोमाजीला संशय आला. "का रे? दोरी कुजली काय?"
त्याला पहिल्यांदाच उत्तर दिलं. "दोरी चांगली हाय. मला बायकांच्यात बसायचंय. रंगूबाईच्या बाजूला."