शिडीवर चढू नये

४ तारीख, मंगळवार

तीन टाके! हनुवटीला. वाचनालयाच्या बालविभागात मला एकोणीस वर्षं झाली, इतक्या वर्षांत कुणाचं नख मोडलं नव्हतं. आणि आज सात वर्षांची पोरगी माळ्याच्या शिडीवरून सटकली. माळा तो केवढा — कपाटांच्या वर ठोकलेल्या फळ्या, कठडा, चार उशा, एक खिडकी. शिडीला पायऱ्या सहा. ती चौथीवरून पडली. रक्त बघून ती गप्प, किंचाळले मीच.

संध्याकाळी साहेबांनी शिडी दोरीनं बांधून टाकली. गाठ अशी मारलीय, जणू हत्ती बांधायचाय.

एक गोष्ट त्यांना सांगितली नाही. पोरगी पायरीवर घुटमळत होती तेव्हा "चढ गं, काही होत नाही!" असं मीच म्हटलं होतं.

५ तारीख, बुधवार

"बाई, हे वाचनालय आहे, आखाडा नाही." — साहेब.

१५ तारखेला समिती येणार. माळा ठेवायचा की तोडायचा ते त्याच दिवशी ठरणार. माळा गेला तर निम्मी पोरं यायची नाहीत, हे मी लिहून देते. वाचायला म्हणून येतंय कोण? चढायला येतात, आणि वर गेल्यावर दुसरं काही करता येत नाही म्हणून वाचतात!

तोवर पाच पाट्या लावायच्या. मजकूर मी लिहून दिला. साहेबांनी चिठ्ठी तपासायला ठेवून घेतली, मग तेच ती पेंटरकडे धाडणार. तपासणारच! वेलांटीसाहेब ते. माझ्या रजेच्या अर्जातलं ऱ्हस्व-दीर्घसुद्धा हिरव्या शाईनं सुधारून देतात. रजा मात्र देत नाहीत.

८ तारीख, शनिवार

दिवसभरात चार पोरं. साहेब म्हणाले, "आज कसं शांत वाटतंय." बंद घड्याळही शांतच असतं.

१० तारीख, सोमवार

पाट्या आल्या. चष्मा घरी राहिलेला, न वाचताच ठोकल्या. दुपारी पहिलीतली पोरं आली आणि एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचायला लागली — "शि-डी-वर च-ढून ये!" मला वाटलं, वात्रटपणा. उसना चष्मा लावून बघते तर खरंच की! "चढू नये"चं "चढून ये". "उडी मारून ये." "ओरडून ये." आणि दाराशी — "पळून ये"! ती वाचून एका आजोबांनी आजींकडे बघून डोळे मिचकावले. एक 'न' एक घर सरकला आणि सगळं मुसळ केरात. पाचवी, "पुस्तक फाडू नये", तेवढी बरोबर आलीय. नशीब!

पोरांनी अर्थातच पाट्या पाळल्या. इतकी आज्ञाधारक पोरं मी जन्मात पाहिली नाहीत. दोरी होती म्हणून शिडी तेवढी वाचली.

पेंटरला फोन केला. "बाई, चिठ्ठीत होतं तस्संच रंगवलंय. आपण पदरचं काही घालत नाही." चोराच्या उलट्या बोंबा! साहेबांकडे गेले. त्यांनी पाट्या पाहिल्या, चष्मा पुसून पुन्हा पाहिल्या, आणि म्हणाले, "असू द्या तूर्त." वेलांटीसाहेब म्हणे! डोळे गेले बहुतेक बिचाऱ्यांचे.

१२ तारीख, बुधवार

टाकेवाली आली, आईला घेऊन. आल्या आल्या सगळ्यांसमोर, "बाई, तुम्हीच म्हणालात ना, चढ, काही होत नाही?"

धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. "हो," म्हटलं. "मीच म्हणाले. चुकलं माझं." आता आई मला फाडून खाणार म्हणून उभी राहिले. आई म्हणाली, "तुमच्याकडे बूट काढायला लावतात ना? मोज्यांवर ही घरीसुद्धा घसरते."

मोजे! बूट बाहेर काढायचे हा नियम साहेबांचा — फरशी स्वच्छ राहावी म्हणून. शिडीला दरवर्षी पॉलिश करून घेते मी — चकाकावी म्हणून. दोघांनी मिळून पोरीला पाडलं.

वाचनालय रिकामं झाल्यावर दोरी सोडली. हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यातले कुणाचे तरी मोजे ताणून घातले आणि चढले. दुसऱ्या पायरीवरून थेट बुडावर! वय वर्षं चोपन्न. मग अनवाणी गेले तर सरळ वर. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच वर बसले. फार छान आहे वर.

उतरले तर साहेब दारात. मग मी सगळंच सांगून टाकलं, "चढ" म्हटल्याचंसुद्धा. "समितीसमोर सांगाल?" "सांगेन." "बरं," म्हणाले आणि गेले. रात्रभर आता झोप कसली लागतेय.

१४ तारीख, शुक्रवार

सुताराकडून पायऱ्यांचं पॉलिश घासून काढून घेतलं. खाली जाड गादी टाकली. मी साहेबांना विचारलं नाही आणि साहेबांनी पाहिलं नाही.

१५ तारीख, शनिवार

समिती आली. अध्यक्षीणबाई साठीच्या, चेहऱ्यावरची सुरकुतीही हलत नाही. मी सगळं सांगितलं — आधी माझी चूक, मग मोज्यांची.

मग बाईंनी शिडीवरची पाटी वाचली. साहेबांकडे वळल्या. "हे काय?"

साहेब शांतपणे म्हणाले, "पाटी आहे. वाचनालयात लिहिलेलं पाळतात."

टाकेवालीही आईबरोबर आली होती, तिनं तोवर मोजे काढलेसुद्धा! चौथ्या पायरीवर थांबली. मी जीभ चावून धरली. "चढ" म्हटलं नाही, "उतर"ही म्हटलं नाही. नुसते दोन्ही हात खाली धरून उभी. तिनं विचार केला, आणि गेली वर! वरून ओरडली, "ये!" — अध्यक्षीणबाईंना!

बाईंनी चपला काढल्या. वर गेल्या त्या दहा मिनिटं उतरल्याच नाहीत.

माळा राहिला! राहिला!! अटी: अनवाणी चढायचं, एका वेळी चौघंच, खाली गादी कायम. आणि पाट्या दुरुस्त करा.

१७ तारीख, सोमवार

पेंटर पाट्या न्यायला आला. जुनी चिठ्ठी माझ्या हातात ठेवून म्हणाला, "बघा. माझ्यावर उगाच आळ."

अक्षर माझं. पाचही ओळी बरोबर. पण पहिल्या चार ओळींत 'न' कुणीतरी कंस काढून मागच्या शब्दाला जोडलाय आणि त्याच्यापुढे उभी रेघ मारलीय. पाचवीवर, "पुस्तक फाडू नये"वर, नुसती बरोबरची खूण.

शाई हिरवी.