पुढच्या पाळीचे दोरे

आई, काल माझी नात कामावरून आली आणि फोनवर कुणाला तरी म्हणाली, "माझी शिफ्ट संपली, पुढचं पुढचा बघेल." जिभेवर आलेलं मी गिळलं. तिला बोलायचा अधिकार मला किती आहे, ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. पण तेव्हापासून तू डोळ्यांसमोरून हलत नाहीस.

परळच्या गिरणीत, सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात, एका बाळंतिणीच्या बदली मला तुझ्या शेजारचं मशीन मिळालं होतं. तू कायम, मी बदलीवाली. ती बाई परतली की मी पुन्हा बदलीच्या कामासाठी गेटावर उभी. पाळी सुटायच्या आधी तू सगळे तुटके दोरे जोडायचीस आणि बिघडलेल्या चातीला लाल चिंधी बांधायचीस, दुसऱ्या पाळीच्या बाईला आल्याआल्या कळावं म्हणून. हे तुला ना साहेबाने सांगितलं होतं ना खात्यातल्या बायांवर देखरेख करणाऱ्या नायकिणीने. मी म्हणायचे, लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस. तू हसायचीस आणि वर माझ्या मशीनवरूनही नजर फिरवायचीस.

मग संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याचा तो दिवस. पाळी सुटायला तासभर होता आणि खात्यात हाक फिरली, चला, बाहेर चला. आम्ही पोरी होतो तशाच निघालो. मला अजून दिसतंय: मशीनं थांबली आहेत, बाया पदर खोचून दारात उभ्या आहेत, आणि तू खाली मान घालून गाठी मारते आहेस. सगळ्यांसमोर मी ओरडले, "मालकाची इतकी काळजी आसा तर ऱ्हव हयच!" तू मान वर केली नाहीस. "मोर्चो सरकारावर हा, सुतावर नाय. मागसून येतली ती बाय काय मालक हा? तू हो फुडे." मी गेले. तू मागून आलीस, केसांत कापूस तसाच, आणि घोषणा माझ्याहून मोठ्याने दिल्यास. मला तुझा राग आला होता, आणि अभिमानही वाटला होता. सांगितलं मात्र यातलं काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी पाळी बदलताना ती दुसऱ्या पाळीची बाई नायकिणीला म्हणाली, "काल एवढ्या घाईत गेल्या, पण या पोरीच्या मशीनवर एक दोरा तुटका नव्हता. चिंधीपण बांधलेली." नायकिणीने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. तू दोन हातांवर उभी होतीस, सगळं ऐकत. तू माझ्याकडे बघितलंस, मी जमिनीकडे. पुढे ती बाळंतीण गावीच राहिली आणि त्या जागेवर नायकिणीने माझं नाव लावलं. त्या दिवशी तू घावणे केलेस, चाळभर वाटलेस, आणि लेक कायम झाली म्हणून ज्याला त्याला सांगत सुटलीस.

त्यानंतर गिरणी बंद पडेपर्यंत मी कधी तुटका दोरा मागे ठेवला नाही. बाया म्हणायच्या, आईचं वळण. मी नुसती हसायचे. तू एकदा जरी टोचून बोलली असतीस ना, तर मी सुटले असते गं. तू कशी बोलशील? बोलायचं मला होतं.

हे पत्र टाकायचं तरी कुठे? एवढंच सांगायचं होतं, की ते दोरे तू जोडलेस आणि मला कायम व्हायचं होतं, म्हणून मी गप्प बसले. तुझ्या शेवटच्या आठवड्यात हे सांगायला मी रोज तुझ्या उशाशी बसत होते, आणि रोज औषध पाजून उठत होते.